धुराच्या खोलीतली रायफल

स्टिलहाउस फोर्क, केंटकी
मंगळवार, १२ नोव्हेंबर

प्रिय ड्वाइट,

मी बरा आहे. घोट्याला अडकवलेलं, मी कुठे आहे ते कळवणारं सरकारी यंत्र टोचतं, पण जामिनावर घरी तरी आहे. तुझ्या वहिनीने, व्हर्नाने, घेवडा शिजवलाय. ताट तसंच पडलंय.

शनिवारी हरणांचा मोसम सुरू झाला. जामिनाच्या अटीमुळे या वर्षी ठासणीची बंदूकही खाली काढायची नाही. केंद्राचा कायदा तिला बंदूक मानत नाही, म्हणून माझ्यासारख्या सजा भोगलेल्याला तेवढीच मुभा होती. पोरं चिडवायची, "लॉवेलकाका, दुसरा बार भरेपर्यंत हरीण म्हातारं होईल!" मी हसण्यावारी न्यायचो. कायदा पाळत होतो रे मी.

आज साक्षीला तू माझाच कोट घालून आलास. आईच्या अंत्यविधीला घेतलेला. बाह्या लांब होतात तुला.

"पोलिसांना सापडलेली रायफल त्याचीच," तू म्हणालास. "त्याच्याच मागच्या खोलीत असायची, डुकराचं मांस टिकावं म्हणून धुरी देतो तिथे. मी कितीदा बजावलं, दादा, हे बरं नाही." दादा म्हणालास! बारा परक्या माणसांसमोर. एकदा तरी माझ्याकडे बघायचं होतंस.

मार्चमध्ये रडत आला होतास. तुझ्या बायकोने कोर्टातून आदेश आणला होता, बंदुका जमा कर म्हणून. "बाकीच्या देतो, पण बाबांची रायफल नाही देववत. दोन आठवडे ठेव ना, दादा." मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

माझ्या वकीलबाई, मिस टॅकेट, म्हणतात, गप्प बसा. त्या खोलीला कुलूप नाही, रायफलवर तुमचे ठसे नाहीत, ती तिथे आहे हे तुम्हाला माहीत होतं हे सरकारने सिद्ध करावं. भावाचं बोलणं ज्युरीला पटेलच असं नाही. गप्प राहिलात तर कदाचित सुटाल. बोललात तर दहा वर्षंही होतील.

ठसे नाहीत, कारण दर रविवारी मी ती तेलाच्या फडक्याने पुसायचो. बाबांची बंदूक गंजलेली बघवेना. हे मी बाईंपासूनही लपवलं होतं. आज सांगितलं.

गप्प बसणं मला जमतं, ड्वाइट. बावीस वर्षांपूर्वी पेंडीच्या दुकानाचं कुलूप कोणी तोडलं, ते मी आईलाही कळू दिलं नाही. तू एकोणीसचा होतास, तुला सैन्यात जायचं होतं. तीन वर्षं तुरुंगात मी काढली, आणि बंदूक बाळगण्याची ही जन्माची बंदीही माझ्याच माथी बसली. आज त्यावरही बोललास, "तो पहिल्यापासून तसाच आहे." बाकी सगळं मी गिळलं असतं. एवढं नाही गिळवत.

उद्या मी साक्ष देणार. रायफल तिथे होती हे मला ठाऊक होतं, असं सांगणार. ते कबूल केल्याशिवाय ती कोणी आणली हे सांगताच येत नाही. बाईंनी कपाळाला हात लावला. व्हर्ना आधी रडली, मग म्हणाली, "सांगून टाका एकदा."

साक्षीदाराला एक ओळही लिहायची नाही, अशी बाईंची ताकीद आहे. म्हणून माझी साक्ष संपल्यावरच व्हर्ना हे पत्र तुझ्या हातात देईल. तोवर तुझं नाव कोर्टाच्या कागदावर गेलेलं असेल.

मी आत जाईन, हे मला कळतं. या वेळी माझ्या गुन्ह्यासाठी मी जाईन, आणि तुझ्यासाठी तू.

यापुढे तुझा कोणी नसलेला,
लॉवेल