निळ्या धुराचं कारण

अप्पा, परवा सिग्नलला माझ्या ऑटोच्या पुढे एक जुनी व्हॅन उभी होती. दिवा हिरवा झाला तशी ती निघाली आणि मागे निळसर धुराचा ढग सोडून गेली. ऑटोवाल्याने खांद्यावरचा टॉवेल नाकाला लावला आणि म्हणाला, "इंजिन पोच्चु अम्मा." गेलं इंजिन. मी लगेच तमिळात म्हणाले, "असं कसं गेलं? निघतानाच सोडते की सारखी सोडते, ते आधी बघायला नको?" तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला. पिकल्या केसांची बाई इंजिनाबद्दल बोलते, याचं त्याला नवल वाटलं असेल. तुमच्याशिवाय हे मला कोण शिकवणार होतं?

देवनागरीही तुम्हीच शिकवलीत. कॉन्व्हेंटचा गृहपाठ झाला की रोज एक पान गिरवायचं, मग जेवायचं. माझ्या मुलांना मराठी समजतं, वाचता येत नाही. हे पत्र टेबलावर उघडं राहिलं तरी या घरात ते कुणी वाचणार नाही. म्हणून थोडं मोकळेपणाने लिहिते.

मला ते वर्ष आठवतं. तुम्ही निवृत्त झाला होतात, मी कॉलेजात रसायन शिकवायला लागले होते. तंजावूरच्या रस्त्यावर छोट्या नव्या गाड्या दिसायला लागल्या होत्या आणि जो तो तुम्हाला सांगत होता, "सार, ते लोखंड विका आता." तुम्ही हसायचात आणि आपल्या जुन्या राखाडी गाडीचं बॉनेट पुसायचात. आदल्या वर्षी मेस्त्रींनी तिचं इंजिन पूर्ण उघडून बांधलं होतं, पिस्टनच्या रिंगा नव्या घातल्या होत्या. मेस्त्री म्हणजे आपले मेकॅनिक. वीस वर्षं त्यांच्याशिवाय त्या गाडीला कुणी हात लावला नव्हता. काम झालं की ते ओट्यावर बसायचे, मी, त्यांची पाप्पा, म्हणजे घरातली छोटी मुलगी, कॉफी आणून द्यायची, आणि तुम्ही दोघं तमिळात जगाची उठाठेव करत बसायचात.

आणि तरी तेल कमी व्हायला लागलं. रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, तुम्ही तेलाची पट्टी काढायचात, फडक्याने पुसायचात, पुन्हा बुडवून उजेडात धरायचात. दर रविवारी तेल पट्टीवर खाली उतरलेलं. गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवलात, दुसऱ्या दिवशी त्यावर नाणंभरही डाग नाही. "गळत नाही, म्हणजे जळतंय," तुम्ही म्हणालात. मग मला मागे उभं करून गाडी सुरू केलीत. धूर काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा असेल आणि विरत नसेल तर पाणी शिरलंय, निळा असेल तर तेल. मी ओरडून सांगितलं, "निळा!" तुमचा चेहरा पडला. मला वाटलं होतं, तेल कुठे जातंय ते कळल्यावर तुम्हाला बरं वाटेल.

नव्या वर्कशॉपला गाडी न्यायचा हट्ट माझा. तिरुचीच्या रस्त्यावरचं ते, काचेच्या दाराचं. तिथल्या टाय लावलेल्या मुलाने गाडी दोन मिनिटं चालू ठेवली, धूर पाहिला, आणि इंग्रजीत म्हणाला की रिंगा गेल्या आहेत, सिलिंडर पुन्हा कापावे लागतील, त्यापेक्षा गाडी बदला. "हे इंजिन बांधलं कुणी?" त्याने विचारलं आणि ओठ किंचित वाकवले. त्याच्या इंग्रजीत एक चूक नव्हती. आमच्या सिस्टरांनी शिकवलं होतं की जो नीट बोलतो तो नीट विचार करतो, आणि मला ते तेव्हा पटायचं. परतीच्या रस्त्यावर मी मनात हिशोब जुळवला. नव्या रिंगा वर्षात जात नाहीत. म्हणजे त्या नव्या नव्हत्याच.

दोन दिवसांनी मेस्त्री आले. अंगणात बॉनेट उघडून त्यांनी चारही प्लग काढले आणि ओळीने फडक्यावर मांडले. दोन प्लग ओले, काळे, तेलकट. मी पायरीवर उभी होते. आपल्या घरची जुनी सवय तुम्हाला वेगळी सांगायला नको. दुकानात साडी महाग वाटली तर मराठीत बोलायचं, पाहुणा उठत नसला तर मराठीत बोलायचं. बाहेर सगळं तमिळ. मराठी म्हणजे आपली आतल्या खोलीची कडी, ती लावली की बाहेरच्याला काही ऐकू येत नाही, असं मी लहानपणापासून धरून चालले होते.

"अप्पा," मी मराठीत म्हणाले, "ह्याने जुन्याच रिंगा घासूनपुसून परत घातल्या असणार."

एरवी तुम्ही मला दटावलं असतंत. माणूस समोर असताना त्याच्याविषयी बोलू नये, हे तुम्हीच शिकवलेलं. त्या दिवशी तुम्ही मराठीतच विचारलंत, "म्हणजे तू काय म्हणतेस?"

"म्हणजे चोर आहे. वीस वर्षं आपल्या घरची कॉफी पिऊन आपल्यालाच फसवतो."

मेस्त्रींनी दाब मोजायचं एक घड्याळ काढलं, प्लगच्या भोकात बसवलं आणि तमिळात म्हणाले, "पाप्पा, आत बसा. स्टार्टर मारा." मी मारला. चारही सिलिंडर पाहिले. मग प्रत्येकात चमचाभर तेल ओतून पुन्हा पाहिले. मला प्रत्येक वेळी घड्याळाजवळ बोलावून काटा दाखवला. रिंगा झिजल्या असत्या तर तेल ओतल्यावर काटा वर चढला असता, कारण तेलाने फट बुजते. काटा जिथल्या तिथे. चारही ठिकाणी सारखा आणि चांगला वर.

"आता पुलावर जाऊ," ते म्हणाले. आपल्या या सपाट मुलखात उतार कुठला, रेल्वेवरच्या पुलाचा काय तो. तुम्ही गाडी चालवलीत, मी मागच्या काचेतून पाहत होते. चढताना, जोर लागताना, धूर नाही. पुलाच्या माथ्यावर मेस्त्री म्हणाले, "सार, पाय काढा." गाडी नुसतीच उतरत राहिली. खाली आल्यावर म्हणाले, "आता दाबा." आणि मागे निळा लोट उठला, सायकलवरची एक बाई त्यात दिसेनाशी झाली, आणि तिने आपल्या तिघांच्या आयांचा उद्धार केला. मेस्त्री हसले नाहीत. "रिंगा असत्या तर चढताना धूर आला असता. हे वरून झिरपतंय. व्हॉल्व्हची रबरं."

घरी येऊन त्यांनी पिशवीतून धुतलेला सुती दोर काढला आणि प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये सोडायला लागले. मला पुन्हा संशय. इंजिनात कुणी दोर कोंबतं का? तुम्ही हळूच सांगितलंत की पिस्टन वर आणला की तो दोर दाबला जातो आणि व्हॉल्व्हला खालून टेकू मिळतो. मग इंजिनाचं वरचं डोकं न उतरवता रबरं बदलता येतात. म्हणजे जे काम मोठं करून दाखवता आलं असतं, ते हा माणूस एका दोरावर भागवत होता.

जुनी आठ रबरं त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. लाकडासारखी कडक. एक दाबलं तर तडकलं. ते तुमच्याकडे बघून म्हणाले, "रबर जुनं होतं, सार." तुम्ही "हं" म्हणालात आणि नळाकडे हात धुवायला गेलात. तुमच्या हाताला काही लागलेलं नव्हतं.

मग मेस्त्री माझ्याकडे वळले आणि मराठीत बोलले. आपल्या मराठीत, आजी बोलायची तशा.

"रिंगा नव्याच हाएत, पाप्पा. मजला चोर म्हणायचं तर तमिळात म्हणा, चार लोकांत म्हणा. माझी आई तुमच्या आजीच्या घरी दळण दळायची, राजवाड्यामागच्या गल्लीत. मी त्याच जात्यापाशी लहानाचा मोठा झालो. हे बोलणं मी तिथं शिकलो."

मी कॉफी आणली. "नको पाप्पा, वेळ झाला," ते पुन्हा तमिळात म्हणाले.

त्यानंतरही ते येत राहिले, दर वेळी बोलावल्यावर, दर वेळी वेळेवर. पण ओट्यावर बसले नाहीत. आणि ते अंगणात असेपर्यंत आपण घरात मराठी बोलेनासे झालो. तुम्ही माझ्याकडे इंग्रजीत मीठ मागितल्याचं आठवतं. ते ऐकून मेस्त्रींना काय वाटत असेल, असा विचार तेव्हा माझ्या मनात आला आणि मी तो बाजूला सारला.

तुम्ही गेल्यावर तुमचं कपाट मी आवरलं. खालच्या कप्प्यात बिस्किटांचा डबा, त्यात तसलीच रबरं, कागदात गुंडाळलेली, तीस-चाळीस असतील. सुटे भाग महिनोन्महिने मिळत नसत त्या काळात तुम्ही दिसेल ते घेऊन साठवत होतात, हे मला ठाऊक होतं. पडल्यापडल्या रबर कडक होतं, हे रसायन शिकवणाऱ्या मुलीला विचारायचं तुमच्या मनात आलं नाही. इंजिन बांधताना तुम्हीच मेस्त्रींना म्हणाला असाल, बाहेरून कशाला, माझ्याकडे आहेत. त्यांनी नको म्हटलं असेल. तुम्ही ऐकलं नसेल. आणि त्या दिवशी अंगणात त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही.

तेव्हापासून माझा संशय तुमच्यावर आहे, अप्पा. तुम्ही त्याच गल्लीत वाढलात. त्या जात्यावरच्या बाईचा मुलगा मराठी समजतो हे तुम्हाला माहीत नसेल, हे मला पटत नाही. मग "म्हणजे तू काय म्हणतेस?" असं का विचारलंत? स्वतःला उच्चारता येत नव्हतं ते माझ्या तोंडून त्यांच्या कानावर घालायचं होतं का? की डब्यातली रबरं आठवली होती, आणि दोष दुसरीकडे जातोय तर जाऊ दे, असं वाटलं? की खरोखरच विसरला होतात? मी तुम्हाला सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं आहे. तुम्ही फार भले गृहस्थ होतात, आणि तरी काटा एका जागी ठरत नाही.

पण पत्र लिहायला बसले आहे तर माझं पण लिहिते. मी पहिलं वाक्य बोलले, रिंगांचं, तेव्हा मेस्त्रींच्या हातातला स्पॅनर थांबला. क्षणभरच. तुम्ही पाहिलंत की नाही, देव जाणे. मी पाहिलं. त्यांना कळतंय हे मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही विचारलंत, आणि चोर हा शब्द मी त्यानंतर उच्चारला.

मेस्त्री अजून आहेत. नव्वदीला टेकले असतील. मुलाच्या घरी असतात, इथून ऑटोने दहा मिनिटं. कान चांगले आहेत म्हणतात. मी अजून गेलेली नाही, आणि हे पत्र तुम्हाला लिहिण्यात आजची दुपार गेली.