ताप उतरल्यावर

नगर,
१७ जानेवारी १९७२

कडूच्या आबांस केशरचा नमस्कार.

लढाई थांबली, तुम्ही धडधाकट आहात, हे तुमच्या पत्रातून कळलं आणि जीव भांड्यात पडला. घरी सगळं बरं आहे. ज्वारी हुरड्यात आलीय, असं सूर्यभान भाऊजी सांगत होते.

आता खरी बातमी. अहो, कडूचा ताप उतरला! पार उतरला! डोळे उघडून म्हणाली, "आई, भाकर हाय का गं?" मला रडूच कोसळलं. दवाखान्यातल्या बाया धावत आल्या, त्यांना वाटलं काही भलतंच झालं.

तिची दाढ किडली होती ना, तिथून जंतू रक्तात शिरला आणि थेट काळजाला जाऊन चिकटला. तिच्या काळजाला जन्मापासून बारीक भोक आहे, तेही आत्ताच कळलं. कुठला जंतू तेच कोणाला उमगेना. डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त बाटलीत घालून विरजण लावल्यासारखं उबेत ठेवलं. मग एका दुपारी बाई अनवाणीच पळत आल्या, "सापडला गं केशर, सापडला!" असा जंतू त्यांनी नुसता पुस्तकात वाचला होता म्हणे. लगेच औषध बदललं. आता दोन-दोन सुया टोचतात. पोरगी बाईंना अशा शिव्या देते की काय सांगू! म्हटलं दे बाई, लई दे.

परवा आत्याबाई येऊन गेल्या. येताना रेवड्या आणल्या होत्या.

पुढचं लिहावं की नको, मघापासून घोळतंय. लिहितेच. ताप गेला की त्याच दिवशी पोरीला मढीच्या नाथांच्या पायावर घालीन, असा आत्याबाईंचा, म्हणजे तुमच्या आईचा नवस. आल्या तशा कडूला लुगड्यात गुंडाळायलाच लागल्या. बाईंनी परोपरीनं सांगितलं, ताप गेला तरी जंतू काळजात दडलेला असतो, होळीपर्यंत सुया चुकल्या तर पुन्हा उठेल, मग पोर हाती लागणार नाही. आत्याबाई म्हणाल्या, "ताप न्हाई, मंग रोग कुटं हाय? नाथाला फशिवती व्हय?"

मी खाटेला आडवी उभी राहिले. त्यांच्यापुढं कधी मान वर केली नव्हती, परवा ओरडले. "पोर देत न्हाईस, तर माज्या घरात पाऊल ठिवू नगं," म्हणाल्या आणि रडत निघून गेल्या. त्यांचाही जीव कडूवरच आहे, मला का कळत नाही?

माघी पुनवेला त्या गाडी आणि चार माणसं घेऊन कडूला न्यायला येणार आहेत, तसा निरोपच आलाय. त्या ऐकतील तर तुमचंच. त्यांना एवढंच लिहा, की होळीनंतर मढीची यात्राच आहे, तेव्हा कडू स्वतःच्या पायानं येईल. नाथ काही तोवर कुठं जात नाहीत.

तुमचं पत्र वेळेत पोचलं तर बरंच. नाही पोचलं तर मी आहेच खाटेपाशी. घर सुटलं तर सुटलं, मी हलणार नाही.

तुमची,
आणि तुम्ही काहीही ठरवलंत तरी कडूची आई,
केशर