पौर्णिमेला तोडलेले बांबू

१८ जानेवारी १९८५, शुक्रवार

लायसन आलं! दिल्लीहून. दोन वर्षं अन् चार महिन्यांनी! लिफाफ्यावर यांचं नाव टाइप केलेलं — श्री. रामाजी खोब्रागडे. पोस्टमन विचारतो, "कशाचं लायसन हो बाई, बंदुकीचं का?"

खाटेजवळ बसून वाचून दाखवलं. इंग्रजी अडखळत वाचलं, पण वाचलं. हौशी रेडिओ केंद्र. घरी बसून साऱ्या जगाशी बोलायची परवानगी! हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. म्हणाले, "चुलीत घाल."

घालतेच! परीक्षा दिली तेव्हा डोळे होते. नागपूरहून पास होऊन आले तं स्टेशनवरच मला ओरडून सांगितलं, लोक पाहत होते. मग वर्षाच्या आत चांद्याकडच्या त्या कारखान्यात विजेच्या पेटीचा भडका उडाला आणि दोन्ही डोळे गेले. क्वार्टर गेलं. आम्ही इथे आलो, माझ्या माहेरच्या गावी, धानोऱ्याच्या जंगलात. मी अंगणवाडी चालवते. हे खाट धरून आहेत. दीड वर्ष! मागच्या आवारापलीकडे पाऊल नाही.

ही वही यांना वाचता येणार नाही, म्हणून लिहिते — मला भीती वाटते. हा माणूस आजाराने नाही, पडून पडून मरेल.

लायसन तांदळाच्या डब्यात ठेवलंय.

२१ जानेवारी

यांनी चांद्याला असताना बनवलेला सेट फळीवर धूळ खात होता. लाकडी खोकं. त्यातून आवाज जात नाही, नुसती टिकटिक जाते — तारायंत्रासारखी, मोर्सची. आज झाडताना खोकं मुद्दाम आपटलं.

"काय पाडलंस!" ओरडले. दीड वर्षात पहिल्यांदा ओरडले! मी आत जाऊन दोन पेले पाणी प्याले, इतका आनंद झाला.

२२ जानेवारी

एरियल किती उंच लागते, विचारलं. जेवताना मधेच म्हणाले, "चाळीस फूट. कमी नको."

२ फेब्रुवारी

ठरलं. टॉवर मी बांधणार. लोखंड आणायला पैसा नाही, बांबू तर दाराशी आहे. जंगलखात्याच्या निस्तारच्या, म्हणजे घरवापराच्या, पासावर मिळतात. शेजारच्या बुधरीचा नवरा कोलू तोडून देतो म्हणाला.

मी म्हटलं, मंगळवारी माघी पौर्णिमा आहे, त्या दिवशी तोडू. आपल्या घरात चांगलं काही सुरू करायचं तं पौर्णिमेला. बुधरी सुपात मोह... नाही, मोहाला अजून वेळ आहे, जवस पाखडत होती. हात थांबला तिचा. "नको वो मीराबाई. उजेडाच्या पंधरवड्यातला बांबू गोड रायते. त्याले भुंगा लागते. अंधाऱ्यात तोड."

"बुधरी, पौर्णिमा म्हणजे आमच्या भगवंताचा दिवस."

"तुमचा देव माणसाचा आहे बाई, बांबूचा नाई."

"देव नाई, गुरू."

"गुरू तं गुरू. बांबूले काय माहीत?"

हसले मी. वर म्हटलं, असं काही नसते बुधरी. शिकलेली ना मी!

५ फेब्रुवारी, पौर्णिमा

सकाळी विहारात वंदना. मग कोलूसोबत जंगलात. सोळा बांबू, माझ्या मनगटापेक्षा जाड.

१७ फेब्रुवारी

टॉवर उभा! बाप्पा, काय दिवस!

चार पाय, त्यांवर जोडून आणखी चार बांबू, मधे शिडीसारख्या आडव्या कांड्या, तारेने आवळलेल्या. चार बाजूंना ताणायला तारा, त्या सागाच्या खुंट्यांना. अर्धं गाव दोरीला. हे आतून, खाटेवरून, दारातून ओरडत होते — "एकदम ओढू नका! पूर्वेची ढिली सोडा!" यांना कसं कळत होतं पूर्वेची ताणलीय ते? दोरीच्या आवाजावरून म्हणे.

कोणी विचारलं, "भाऊ, रविवारचा पिच्चर दिसन का याच्यावर?"

वर पहिली मी चढले. साडी खोचून. अर्ध्यावर डोळे मिटले, पण गेले. वर गेल्यावर उघडले — आणि बाई गं! मी या गावात जन्मले, वाढले, आणि हे गाव मी पाहिलंच नव्हतं. बुधरीच्या छपराच्या कवेलूंवर वाळत घातलेल्या मिरच्या. धानोऱ्याचा रस्ता. आणि जंगल! चारही बाजूंना जंगल, संपतच नाही, पुढे निळं होते अन् डोंगर होते. आपण एवढ्याशा जागेत भांडतो, रडतो, भाजी नासली म्हणून दिवसभर कुढतो.

वर कोणी पाहत नाही. मन भरून रडले आणि उतरले.

२४ फेब्रुवारी

एरियलची तार जळक्या मोटरची — धानोऱ्याच्या वायंडिंगवाल्याने दिली. दोन भाग, प्रत्येक तेहतीस फूट. मोजपट्टी शोधत होते तं हे म्हणाले, "आण इकडे." दोन्ही हात पसरून वाव घेतली. यांची वाव साडेपाच फुटांची, सहा वाव म्हणजे तेहतीस. मग मी अंगणवाडीची पट्टी लावून पाहिलं. अर्ध्या बोटाचा फरक!

सोल्डर मी मारलं. हे तार धरून, मी तापवलेली सळई घेऊन. "वासावरून सांगतो, सळई अजून तापली नाई," हे म्हणाले. एकदा यांच्या बोटावर थेंब पडला. ओरडले नाहीत. मीच ओरडले.

टोकांना चिनी मातीचे गोळे बांधून तार वर चढवली. एक टोक टॉवरला, एक चिंचेला.

१७ मार्च

काय लिहू?

दिवस मावळताना अंगणवाडीचं रजिस्टर भरत होते. आतून आवाज — "अवं! ये! ये लवकर!" धावले. वाटलं पडले. हे खाटेवर ताठ बसलेले, कानाला हेडफोन, बोट टिकटिकीच्या चावीवर. टिक टिकटिक. चेहरा असा की मी दारातच थांबले.

इर्कुत्स्क! रशियात, सैबेरियात. तिथला एक माणूस. याच मिनिटाला! ट्रकच्या जुन्या बॅटरीवर, टॉर्चच्या दोन बल्बांइतकी ताकद, मी बांधलेली तार — आणि हिमालयापलीकडे यांचं बोट ऐकू जाते!

"तिथी बर्फ पडून राह्यला. उणे अठरा. विचारते, तुमच्याकडे काय हवामान?"

माझ्या तोंडून निघालं, "मोह पडून राह्यला म्हणा."

यांनी कळवलं. चौतीस डिग्री, झाडावरून फुलं पडतायत. पलीकडून मग टिकटिक. हे हसले. "म्हणते, किती सुंदर. तुमच्या बायकोले नमस्कार."

मला! सैबेरियातून!

आम्ही दोघं किती वेळ बसून होतो. सेट बंद केला होता.

२० मार्च

जपान!!

२ एप्रिल

आज म्हणाले, खाट अंगणात टाक. टॉवरखाली. टाकली. बुधरीला हाक मारून दाखवली.

१९ एप्रिल

टॉवरच्या चिंचेकडच्या पायाशी पिवळी भुकटी. हळदीसारखी. बोटात घेतली, चुरगाळली. वर पाहिलं तं बांबूला टाचणीएवढी भोकं.

भुंगा.

झाडून टाकली. यांना सांगितलं नाही. बुधरीने कुंपणावरून पाहिलं आणि आत गेली. बोलली असती तं बरं झालं असतं.

४ मे, बुद्धपौर्णिमा

विहारात बसले पण मन लागेना. रोज भुकटी. रोज पहाटे झाडते, हे उठायच्या आत. सोळाही बांबू एकाच दिवशी तोडलेले, म्हणजे सोळांना लागणार. माझी अक्कल! गुरूने कधी सांगितलं होतं पौर्णिमेला बांबू तोड म्हणून? मी स्वतःची हौस भगवंताच्या नावावर घातली आणि ज्या बाईचा जन्म बांबूत गेला तिला शिकवायला निघाले.

सांगितलं तं टॉवर उतरवावा लागेल. उतरवला तं खाट आत जाईल. आणि एकदा आत गेली की मग ती तिरडी होऊनच बाहेर येईल, हे मला आज लिहू दे, कोणाला बोलता येत नाही.

तार उन्हाने झोळते, दर आठवड्याला वर जाऊन ताणावी लागते. जाते. दुसऱ्या बाजूने जाते, खाल्लेल्या पायावर भार देत नाही. आताशा रात्री एकच पोळी खाते — वजन नको म्हणून!

११ मे

दुपारी वावटळ आली. वरची गाठ सुटली, तार लोंबली. हे हेडफोन लावून म्हणाले, "सारं मेलं."

"बांधून येते," म्हणून मी पदर खोचला, दुसऱ्या कांडीवर पाय ठेवला. तेवढ्यात हे खाटेवरून उठले, हात पुढे करून चाचपत आले आणि माझा घोटा धरला. घट्ट.

"उतर."

"अजी, दोन मिनिटांचं काम—"

"उतर म्हणतो ना! कान लाव इथी."

बांबूला कान लावला. आत कुरकुर, कुरकुर. सगळीकडे. जसं कोणी दुरून दाणे चावत आहे.

"पंधरा दिवसांपासून ऐकून राह्यलो."

"मंग मले चढू काऊन दिलं?"

"तू त्या पायावर भार देत नव्हती. पाय ऐकू येते मले तुये. म्हटलं, हिलेबी माहीत आहे, आज सांगन, उद्या सांगन. आज तं तू घाईत भलत्याच बाजूनं चढली."

खरंच! चिंचेकडून चढले होते. वावटळीने भान नव्हतं. डोळे माझे, आणि मी पाहिलं नाही.

मग सगळं सांगितलं. पौर्णिमा, बुधरी, भुकटी, पोळी. पोळीचं ऐकून म्हणाले, "येडी आहेस." अजून घोटा धरलेलाच होता.

कोलूला बोलावून संध्याकाळच्या आत टॉवर आडवा केला. पडताना तिसऱ्या कांडीपाशी मोडला, आतून नुसता भुसा. मी त्या जागी दर आठवड्याला पाय देत होते.

आता खाट आत, असं मनात धरून मी उशी उचलायला गेले. हे मोडक्या बांबूवर हात फिरवत उभे होते. विचारलं, "कोलू, अवस कधी आहे?"

१८ मे

काल हे जंगलात गेले. अंधारा पंधरवडा संपत आला, पाऊस लागायच्या आत तोडलं पाहिजे. कोलूच्या खांद्यावर हात ठेवून गेले. इथे आल्यापासून गावाने यांना रस्त्यावर पाहिलं नव्हतं. बाया दारात आल्या. मी अंगणवाडी सोडून मागे मागे.

बांबूच्या बेटात हे बोटाच्या पेराने एकेका बांबूला ठोकत होते, कान देत होते. "हा नको, कोवळा आहे. हा नको, आत चीर आहे. हा घे." कोलूने एक नको म्हटलेला मुद्दाम फोडला — चीर होती! कोलू मला म्हणतो, "बाई, मी तीस वर्सं बांबू तोडून राह्यलो. मले डोळ्यानं दिसली नाई."

आणि बुधरीला मी आज हात जोडले. ती म्हणाली, "जाऊ दे वो. चहा ठेव."

३१ मे

नवा टॉवर उभा. दोन फूट जास्त! तार बांधायची राहिली, आभाळ भरून आलं म्हणून उद्यावर टाकली.

१ जून

एका हातात दोरी, एका हातात पेन. वही बुधरीकडून मागवून टॉवरखाली बसून लिहितेय, अक्षर वाईट आहे.

मी साडी खोचून आले तं खाट रिकामी. वरून आवाज — "दोरी धर, तार सोड वर!" बेचाळीस फुटांवर! कंबरेला दोर बांधून, एका हाताने गाठ मारत! मी दोरी धरली. कोलू डोक्याला हात लावून बसलाय. सारी गल्ली माना वर करून उभी.

गाठ मारून झाली, तार ताणून झाली. तास होऊन गेला. भात थंडगार. उतरा म्हणते तं वारा अंगावर घेत बसलेत, म्हणतात — "थांब वं, आत्ताच तं आलो."