पिंजाऱ्याचा खोकला

अब्बा, आज मी तुमच्यावर रागावूनच लिहायला बसले आहे. गेलेल्या माणसावर इतक्या वर्षांनी काय रागवायचं, असं लोक म्हणतील. म्हणू देत.

सकाळी जळकोटात आशाताई म्हणून घरोघर फिरताना, हायवेवरच्या ढाब्यात भाकऱ्या थापणारी एक बाई भेटली. दोन महिने खोकला, आवाज बसलेला, अंगावरची चोळी सैल झालेली. म्हणाली, "चुलीचा धूर हाय ताई, दुसरं काय न्हाय." मी भर ढाब्यात तिच्यावर ओरडले, "धूर धूर म्हनत किती दिवस बसनार? उद्या छातीचा फोटो काढायला चल माझ्यासंगं!" ती बिचारी घाबरून तयार झाली. खरं तर मी तुमच्यावर ओरडत होते.

नळदुर्गच्या आपल्या दुकानात तुम्ही कापूस पिंजताय, भुवया पांढऱ्या झाल्यात, खोकताय. अम्मी गुळाचा खडा पुढं करतेय. गूळ खाल्ला की कापसाची धूळ खाली बसते, हे आपल्या घरातलं वैद्यक! आवाज घोगरा झाला, गूळ. खांदा दुखायला लागला, तर दोष गाद्या उचलण्याला आणि वर पुन्हा गूळच. "पिंजारी नै खांसेगा तो कौन खांसेगा?" म्हणून तुम्ही हसायचात. तुमच्या तोंडाला कधी विडी लागली नाही, त्यामुळं गल्लीतला डॉक्टरही निर्धास्त. फोटो काढायचं त्याला सुचलं नाही, नुसत्या औषधाच्या बाटल्या देत राहिला. सोलापूरला नेलं तेव्हा कॅन्सर दोन्ही फुप्फुसांत पसरला होता. त्या डॉक्टरचा मला आजही संताप येतो, तुमच्या हसण्याचा येतो, आणि गुळाचा तर वासही सहन होत नाही.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहिते. सोलापूरच्या चार महिने आधी दुकान झाडताना मला कापसाचा एक बोळा सापडला होता, लाल झालेला. तुम्ही तो माझ्या हातातून घेतलात. "पान का है बेटी, अम्मी कू नक्को बोल." मी बोलले नाही. तेव्हा मी बारावीला होते, काही लहान नव्हते.

अब्बा, तुम्ही पान कधीच खात नव्हता. मला ते माहीत होतं.