अळूची पुसलेली पानं

प्रिय बाई,

तिकडे कशा आहात? गुडघा आता जिने चढू देतो का? तुमच्या आई भेटल्या असतील, त्यांचा दमा थांबला ना? आमचे मालक दिसले तर तंबाखू सुटली का, तेवढं विचारा! इकडे सून बरी आहे, नातीचा ताप उतरला, मी ठणठणीत.

तुम्ही देवाघरी जाऊन वर्ष होत आलं. आज लिहायला बसले, कारण काल जीव फार तुटला. तुमच्या जागी आलेल्या सरांनी अळूची पानं मागवली, म्हणून शाळेत गेले होते. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी हसून म्हणालं, "सर, जपून हं! त्या अळूवाल्या बाईंसारखी फजिती व्हायची."

बाई, ती फजिती तुमची नव्हती हो. माझी होती.

पंचवटीच्या बाजारात तुम्ही माझ्याकडे भाजीला यायचात. एकदा म्हणालात, "मावशी, नववीच्या मुलींना नॅनो शिकवायचंय."

मी म्हटलं, "ही कुठली भाजी, बाई?"

किती हसलात! मग अळूच्या पानावर पाण्याचा थेंब सोडलात. पाऱ्यासारखा पळाला. "पानावर मेणाचे बारीक कण असतात, मावशी. एका केसाची जाडी हजारो भागांत चिरली तर जो एक भाग येईल, त्या मापाची ही नॅनोची दुनिया. थेंबाला टेकायला जागाच मिळत नाही. उद्या असं कापड निघेल, चहा सांडला तरी डाग नाही."

"मग सासवांनी बोलायचं कशावर?" मी म्हटलं.

पुढे शाळेत पाहुणे यायचे होते, त्यांच्यासमोर तुम्ही हाच प्रयोग ठरवलात. पानं माझ्या मळ्यातली. सायखेड्याहून पहिल्या एसटीने निघण्याआधी मी एकेक पान साबणाच्या फडक्याने चोळून काढलं. पाहुण्यांपुढे मातकट पानं कशी न्यायची? बघायला येणार म्हणून लेकीला नटवावं, तशी नटवली!

अन् वर्गात थेंब पळेचना. पानावर पसरून बसला. एक मुलगी म्हणाली, "बाई, पान तर ओलं झालं!" पोरी हसल्या, पाहुणे घड्याळ बघू लागले. दुसरं पान घ्यायला तुम्ही माझ्या टोपलीशी आलात. तिथे फडकं होतं, साबणाचा वास होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. वळलात आणि म्हणालात, "माझी चूक. पानं मी बघून घेतली नाहीत."

मी मागच्या बाकावर तोंड शिवून बसले. का नाही बोलले मी? भाजीवालीला तुम्ही बाकावर बसवलं होतंत. तिथून कुणी उठवेल, याची भीती वाटली.

एकदा तरी रागवायचं होतंत हो मला! उलट दुसऱ्या दिवशी बाजारात येऊन म्हणालात, "मावशी, काल तुम्हीच मला शिकवलंत. चोळलं की मेण जातं. आपल्याला पान तेच दिसतं, पण थेंबाला फरक कळतो."

शिवाय मोठ्या अक्षरांत लिहिलेली वही दिलीत. मी चौथीत शाळा सुटलेली, पुडीच्या कागदांवर वाचायला शिकलेली. नेमक्या दुखऱ्या जागी औषध पोचवणारे कण, गढूळ पाणी गाळणारी जाळी, सगळं त्या वहीत वाचलं. कळलं नाही ते तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारलं, आणि एकदाही कंटाळला नाहीत. आता गिऱ्हाइकांना सांगत बसते. "मावशी, आधी जुडीचा भाव सांगा!" म्हणतात. म्हणू देत. या वयात मला जग नव्याने दिसलं, ते तुमच्यामुळे.

शनिवारी सरांचा तास आहे. ते म्हणाले, "मावशी, फक्त पानं द्या."

मी म्हटलं, "नाय सर. पानं देते, पण दोन शब्द मी बोलणार हाय. अन् त्या खोलीतल्या सगळ्यांना बोलवा."

बाई, शब्द देते. मुलींसमोर, शिक्षकांसमोर एक पान साबणाने चोळेन, एक तसंच ठेवेन. दोन्हींवर पाणी सोडेन. मग सांगेन की त्या दिवशी पानं मी चोळली होती आणि बाईंनी माझ्यासाठी हसू ओढवून घेतलं. पुन्हा कुणी तुम्हाला हसायचं नाही.

एवढ्या लोकांपुढे मी कधी बोललेले नाही. म्हणून शनिवारच्या आत दोन ओळी लिहा. रागाच्या असल्या तरी चालतील.

तुमची,
पारूमावशी