ताईचं लाकडी तोंड

मुक्काम: खिडकीपाशी, सतरंजीवर, ढलप्यांच्या ढिगात

तीर्थरूप ताई,

तुझ्या धाकट्या बहिणीचा शिरसाष्टांग नमस्कार (कागदावरचाच समज, खरोखर घातला तर उठवायला लेक आणि सून दोघांना बोलवावं लागेल). तुझे गुडघे काय म्हणतात? हिरड्या भरून आल्या का? भाची सांगत होती, सगळे दात काढल्यापासून तू नुसतं पातळसातळ पितेस, आणि कवळी बसेपर्यंत कुणाला तोंड दाखवायचं नाही म्हणून माझ्याकडे यायचंही पुढं ढकललंस. त्या चित्र दिसणाऱ्या फोनवरसुद्धा तू तोंडावर हात धरून बसतेस. मला दिसतात त्या फक्त तुझ्या बांगड्या. कवळीवाला डॉक्टर आज देतो, उद्या देतो करतोय म्हणे. आम्ही सगळे खुशाल. ऱ्हस्व-दीर्घ तूच लावून वाच, माझी शाळा तिसरीत सुटली ती तुला ठाऊकच आहे.

तर ताई, आनंदाची गोष्ट ही की मी लाकूड कोरायला शिकतेय! हसू नकोस. (हसलीस तरी हात धरूनच हसशील.) झालं असं, की मी दिवसभर तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसायचे, आणि दारावरची घंटा वाजली की दूधवाल्यालाच 'आलीस का गं?' म्हणायचे. दूधवाला बिचारा भला माणूस, तो 'आले, आले' म्हणायचा. शेवटी सुनेनं वाचनालयाच्या मागच्या खोलीत चालतो त्या वर्गात माझं नाव घातलं. शिकवणारा माझ्या नातवाच्या वयाचा, पण मी त्याला मास्तर म्हणते. तो मला आजी म्हणतो आणि मलमपट्टीचा डबा माझ्याच शेजारी ठेवतो.

पहिल्याच दिवशी त्यानं बजावलं, चाकू अंगापासून लांब चालवायचा. आता मला सांग, जन्मभर बटाटे सोलले ते काय शेजारणीच्या दिशेनं? माझा हात आपला आत वळायचा आणि मास्तर 'आजी, अंगठा! अंगठा!' करत धावायचा. मग एके दिवशी तोच म्हणाला, आता बटाटा सोलतात तसा काप घ्यायचा, अंगठ्याचा टेकू देऊन. मी सगळ्या वर्गाकडे अशी नजर फिरवली म्हणतेस! त्या दिवशी मास्तरनं माझीच ढलपी उचलून सगळ्यांना दाखवली, उजेड आरपार दिसत होता तिच्यातून. (चाकूला शेवटची धार चामड्यावर लावतात. मी लेकाच्या पट्ट्यावर लावली. धारेसाठी चामड्याला चोळतात ती हिरवी मलई पट्ट्याला लागलेली, त्याला काय माहीत? ऑफिसातून आला तो पोटावर हिरवा आडवा पट्टा घेऊन. आता पट्टा उशाखाली ठेवून झोपतो.)

मास्तर म्हणाला, आजी, आधी चमचा करा, सोपा असतो. मी म्हटलं, चमचे घरात पुष्कळ आहेत, ताई एकच आहे आणि तीही येत नाही. मी तिचं तोंड करणार. आणि बसले की गं डोळे मिटून. तुझी वेणी आठवली, शाळेच्या रस्त्यावर माझ्यापुढं झुलणारी. माझं मनगट ओढणारा हात आठवला. तोंड मात्र काठाकाठानं येई आणि चाकू उचलला की पळे. हनुवटीवरचा तीळ उजवीकडे की डावीकडे? मी दोन्हीकडे कोरून ठेवलाय, चुकीचा आहे तो तू आल्यावर तासू.

पुढं गालावर लाकडात एक कठीण गोळा लागला. त्याला गाठच म्हणतात. मास्तर म्हणाला, आजी, गाठ पडली की घाई करायची नाही. मी म्हटलं, बाबा, गाठ पडावी म्हणून तर सगळा खटाटोप चाललाय! त्याला कळलं नसावं, पण हसला. त्याच हसण्यात मी लाकडाच्या रेषेच्या उलट चाकू घातला आणि तुझं नाक उडून कपाटाखाली गेलं. घरी आल्यावर सून म्हणाली, "आई, मावशींचं नाक कापलंत अखेर!" (वर्गातलं कपाट होतं, मास्तरनं पालथं पडून काढून दिलं.) डिंकानं चिकटवलंय, जरा तिरकं आहे.

मग घरी, इथंच खिडकीपाशी, तुला दात करायला बसले. एकदम सगळे, त्या डॉक्टरच्या नाकावर टिच्चून. पहिलाच दात टोकरायला गेले आणि चाकू सटकला. दोन्ही ओठ आत गेले. ताई, तोंडाचं पार बोळकं झालं. मी रडकुंडीला येऊन ते खिडकीत ठेवलं, सकाळी टाकून द्यायचं म्हणून. लेक ऑफिसातून आला, बूट काढता काढता म्हणाला, "अगं, ही तर आजी! आजीला कधी केलंस?"

चष्मा लावून पाहिलं. आई होती गं. शेवटी शेवटी ओठ आत ओढून बसायची ना, आता हसेल की मग हसेल अशी, तश्शी. फोटोवाला आला की तीही तोंडावर हात धरायची, म्हणून तर आपल्याकडे तिचा एकही धड फोटो नाही.

बाकी ठीक. भाचीला आशीर्वाद. तुला पुन्हा तोच कागदावरचा नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. नाक पुन्हा पडलं. काळजी नको, सुनेच्या सुईच्या डबीत ठेवलंय.

ता. क. येताना लेकासाठी एक पट्टा आण. त्याला सांगू नकोस कशाला.

ता. क. कवळी आली असली तर डबीतच ठेव आणि मिळेल त्या गाडीनं ये. इथं जेवताना लाव हवी तर. पण दारात उभी राहशील तेव्हा दात नकोत, आणि तोंडावर हातही नको. आईला बघून मला फार दिवस झाले.