लाल दिवा आणि खंडेनवमी

५ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळ.
आजपासून गाडीची नोंद ठेवायची. मेकॅनिक नसलो तरी तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली आहेत. चूक शोधणं हा माझा धंदाच.
सासरे अप्पासाहेबांनी त्यांची १९६४ची काळी गाडी बेळगावहून आमच्याकडे चामराजपेटेत पाठवली, त्याला दोन महिने झाले. जावईबापू, झेपेल ना, असं फोनवर विचारत होते. डोळे मिटून हो म्हटलं. खंडेनवमीला, १ ऑक्टोबरला, ते स्वतः येणार. चाकांखाली लिंबं ठेवायची, ते मागे बसणार, मी गाडी लिंबांवरून पुढे काढायची. नाही निघाली तर गाडी मेहुण्याकडे, रणजीतकडे.
आज डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. बॅटरी चार्ज होत नसली की लागतो म्हणे.
इंजिनाची शुक्रवारची पूजा मात्र चुकवली नाही. हळद, कुंकू, आणि रबर सुकू नये म्हणून फॅनच्या पट्ट्याला बोटभर खोबरेल. सासरची वस्तू, हयगय नको.

८ सप्टेंबर.
दिवा आहेच. कोपऱ्यावरच्या मंजुनाथ मेकॅनिकला दाखवणार नाही. त्याला कळलं की बायकोला, शिवलीलाला, कळणार, आणि तिला कळलं की बेळगावला कळणार.
माझं निदान: बॅटरी म्हातारी झाली. पण पितृपक्ष चालू. नवीन वस्तू घेता येत नाही. सुटलो. म्हणजे, अडकलो.

११ सप्टेंबर.
चिकपेटच्या बाजारातून मल्टिमीटर आणला. इंजिन चालू ठेवून मोजलं. १२.१. बारा व्होल्टची बॅटरी, मीटर बारा दाखवतो. पैकीच्या पैकी! गाडीच्या पुस्तिकेत चौदा हवेत असं छापलंय. मुद्रणदोष.

१२ सप्टेंबर, शुक्रवार.
पट्टा किंचाळायला लागला. रस्त्यातले लोक वळून बघतात. जास्त तेल घातलं. आवाज बंद! शिवलीला म्हणाली, शिलाई मशीनच्या पट्ट्याला मी तेलाचा हातसुद्धा लागू देत नाही, घसरतो. शिलाई मशीन वेगळं आणि गाडी वेगळी, हे तिला शांतपणे समजावलं.

१७ सप्टेंबर.
म्हैसूर रोडवर सिग्नलला गाडी बंद. स्टार्टर नाही, हॉर्न नाही, काहीच नाही. मागे बस. बसचा हॉर्न थेट छातीत वाजत होता. मी बंद पडलेला हॉर्न दाबत बसलो. एक ऑटोवाला येऊन म्हणाला, स्वल्प बाजूला घ्या सार. चौघांनी ढकलली.
घरी सांगितलं, गाडी बघायला माणसं जमली होती म्हणून उशीर झाला.

२० सप्टेंबर.
शिवलीलाची मोठी टिकली घेऊन दिव्यावर चिकटवली. आता दिवा दिसत नाही. निम्मा प्रश्न सुटला.
संध्याकाळी: टिकलीच्या कडेनं उजेड येतो.

२२ सप्टेंबर. घटस्थापना.
नवी बॅटरी! सुरू झाली एका झटक्यात. उगाच घाबरलो होतो. यापुढे घाबरायचं नाही.

२४ सप्टेंबर.
नवी बॅटरीपण बसली. घाबरलोय.

२६ सप्टेंबर, शुक्रवार.
पूजा दोनदा केली. दुसऱ्यांदा घाईत अर्धी वाटी तेल पट्ट्यावर सांडलं. शुभच म्हणायचं.

३० सप्टेंबर.
अप्पासाहेब आले. वय एक्याऐंशी, नजर तीच. गाडी कशी आहे, विचारलं. एका झटक्यात निघते, म्हणालो. जेवण गेलं नाही.
पण योजना तयार आहे. आमच्या गल्लीला उतार आहे आणि अप्पासाहेबांना कमी ऐकू येतं. गाडी न्यूट्रलला ठेवायची, ब्रेक सोडायचा. आपोआप लिंबांवरून जाईल. इंजिन बंद आहे हे कळणार कुणाला?

१ ऑक्टोबर. खंडेनवमी.
हार घातला, कोहळा फोडला, लिंबं ठेवली. अप्पासाहेब मागे बसले. देवाचं नाव घेऊन ब्रेक सोडला. गाडी चार बोटं सरकली, लिंबावर किंचित चढली आणि थांबली. मी स्टिअरिंग धरून पुढे रेललो, जणू माझ्या वजनानं जाईल. गेली नाही.
मागून अप्पासाहेब म्हणाले, जावईबापू, लिंबू जिंकलं.
शिवलीलाच मंजुनाथला घेऊन आली. त्यानं बॉनेट उघडलं, पट्ट्यावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं. म्हणाला, सार, हे खोबरेल आहे. पट्टा घसरतो, डायनामो फिरत नाही, मग चार्ज होणार कुठून? बॅटरी बिचारी काय करेल? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. शिवलीलानं खोबरेलाची वाटी उचलून घरात नेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.
मंजुनाथनं पट्ट्याची चाकं पुसली, नवा पट्टा चढवला, त्याच्या बॅटरीला वायर जोडून गाडी सुरू केली. टिकली काढली. दिवा विझलेला.
अप्पासाहेबांनी किल्ली मागितली. माझ्या घामानं ओली झाली होती. त्यांनी ती धोतराला पुसली आणि शिवलीलाच्या हातात दिली. बाई, तू ने, म्हणाले. तिनं पहिल्याच दमात चारही लिंबं चिरडली. मी फुटपाथवर आरतीचं ताट धरून उभा.
म्हणजे गाडी रणजीतकडे गेली नाही. आमच्याच घरात राहिली. हेच तर मला हवं होतं.
शुक्रवारची पूजा माझ्याकडेच ठेवली आहे. बॉनेट बंद ठेवून, फक्त उदबत्ती.